ऑपरेशनच्या टेबलावरचा विनोद

पोट फाटलेला एक पोरसवदा सैनिक टेबलावर आहे. बाहेर आणखी कितीतरी जण स्ट्रेचरवर पडून आहेत. त्या पोराच्या आतड्यांत मनगटापर्यंत हात घालून उभा असलेला सर्जन शेजारच्या डॉक्टरला मेसमधल्या भिकार जेवणावरून टोमणा मारतो आणि दोघेही हसतात. हा अपराध आहे का? कायद्याने नाही. हात नीट चालत असतील तोवर वैद्यकीच्या नीतीनेही कोणी त्याला जाब विचारणार नाही. पण धर्माच्या दृष्टीने प्रश्न शिल्लक राहतो. जिथे माणूस मरणाच्या दारात आहे तिथे आपल्याकडे चालणारा माणूस पाय हळू टाकतो, बोलणारा आवाज खाली आणतो. मृत्यूपुढे गंभीर होणं ही श्रद्धेची अगदी प्राथमिक खूण मानली जाते, मग घरात तुळशीपत्र आणि गंगाजल असो, नाहीतर अखेरचं तेल लावायला आलेला फादर असो. त्या जागी जो हसतो त्याला एकतर काळीज नाही किंवा देव नाही, असा आपला पहिला निष्कर्ष असतो. 'मॅश' या अमेरिकन मालिकेतला सर्जन हॉकआय पिअर्स अकरा वर्षं हेच करत होता. सप्टेंबर १९७२ मध्ये सुरू झालेली ही मालिका फेब्रुवारी १९८३ मध्ये संपली. ज्या कोरियन युद्धावर ती बेतली होती ते १९५० ते १९५३ असं जेमतेम तीन वर्षं चाललं होतं. मूळ कादंबरी रिचर्ड हूकर या टोपणनावाने लिहिणाऱ्या, कोरियात अशाच फिरत्या लष्करी इस्पितळात काम केलेल्या एका सर्जनची. १९७० मध्ये रॉबर्ट ऑल्टमन यांनी तिच्यावर चित्रपट केला. पण लोकांच्या मनात बसला तो अ‍ॅलन अल्डा यांनी उभा केलेला हॉकआय: सक्तीने भरती केलेला, दारू ढोसणारा, वरिष्ठांची टर उडवणारा आणि सुरी हातात घेतली की सहसा न चुकणारा. या माणसाचा विनोद धर्माच्या कसोटीवर उतरतो, असं मला म्हणायचं आहे. तो हसतो कारण त्याला युद्धाला अर्थ द्यायचा नाही, आणि असा नकार देणं हे पुष्कळदा अर्थ देण्यापेक्षा अधिक धार्मिक असतं.

हे पटण्यासाठी आधी धर्म युद्धाचं काय करतो ते पाहायला हवं, आणि त्यासाठी कोरियापर्यंत जायची गरज नाही. वसईजवळ गिरीजला हिरा डोंगरीवर दत्ताचं देऊळ आहे. इतिहासात ही टेकडी वज्रगड म्हणून ओळखली जाते आणि तिचं नाव मराठ्यांच्या वसई मोहिमेशी जोडलेलं आहे. ही मोहीम १७३७ ते १७३९ अशी दोन वर्षं चालली. चिमाजीअप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला, सुरुंगांनी तट फुटला, मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी किल्ला सोडला आणि नवस फेडण्यासाठी वज्रेश्वरीचं देऊळ उभं राहिलं. चर्चच्या घंटा देशावर गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकराला, वाईजवळ मेणवलीला त्या आजही टांगलेल्या आहेत. एका धर्माच्या प्रार्थनेला बोलावणारी घंटा दुसऱ्या धर्माच्या दारात विजयाची खूण झाली. त्या लढाईतले पोर्तुगीजही काही देव घरी ठेवून लढत नव्हते, त्यांच्या बुरुजांना संतांचीच नावं होती. धर्म असा दोन्ही बाजूंनी युद्धाला अर्थ पुरवतो: आधी नवस, मधे जयघोष, नंतर देऊळ किंवा स्मारक. जिंकलेला धन्य, मेलेला हुतात्मा. या मांडणीत जागा नसते ती एकाच माणसाला, जो मेलाही नाही आणि जिंकलाही नाही, ज्याचा पाय गेला आणि जो पुढची चाळीस वर्षं ओट्यावर बसून राहिला. बखरींत आणि पोवाड्यांत तो क्वचितच सापडतो. लष्करी सर्जनला मात्र तोच भेटतो, रोज भेटतो. त्यामुळे युद्धाचा अर्थ सर्जनला ज्या कोनातून दिसतो तो पुजाऱ्याच्या आणि शाहिराच्या कोनाहून मुळातच वेगळा असणार.

आता हसण्यावरचा जुना आक्षेप. समर्थ रामदासांनी विनोदाची आवड टवाळांच्या पदरात टाकली, हे मराठी माणसाला शाळेपासून ऐकून माहीत असतं. ख्रिस्ती परंपरेतही संत योहान ख्रिसोस्तोमसारख्या धर्मपित्यांनी हसण्याकडे संशयानेच पाहिलं आणि बेनेडिक्टच्या मठांच्या नियमावलीत हसरेपणाला आळा घातलेला आहे. हे लोक अरसिक नव्हते. हसणारा माणूस स्वतःला विसरतो आणि आपण मर्त्य आहोत हेही विसरतो, ही त्यांची भीती होती, आणि ती काही अगदीच पोकळ नाही. पण याच परंपरांच्या पोटात दुसरी बाजूही आहे. थॉमस अ‍ॅक्वायनसने योग्य थट्टेला सद्गुणांत जागा दिली आणि थट्टा अजिबात न सोसणं हाही दोष ठरवला. एकनाथांनी भारुडांत सासू, नवरा, जोशी, महारीण, विंचू सगळ्यांना नाचवून अध्यात्म सांगितलं. संत लॉरेन्सला तिसऱ्या शतकात रोममध्ये जाळीवर भाजलं तेव्हा त्याने एक बाजू झाली, आता उलटा, अशा अर्थाची थट्टा केली अशी आख्यायिका आहे. सर थॉमस मोर १५३५ मध्ये वधमंचावर चढतानाही गमतीने बोलला, असं सांगतात. तेव्हा मरणासमोर हसणं धर्माला मुळातच वर्ज्य आहे, असं म्हणता येणार नाही. खरी अडचण निराळीच आहे आणि ती या उदाहरणांनीच उघड होते. लॉरेन्स आणि मोर स्वतःच्या मरणावर हसले. स्वतःचं मरण ही माणसाची स्वतःची मालमत्ता, तिची त्याने हवी ती वासलात लावावी. सर्जन दुसऱ्याच्या मरणाशेजारी उभा राहून हसतो. हुतात्म्याला जे शोभतं ते त्याला कोणत्या अधिकाराने शोभेल?

याचं उत्तर विनोद कोणावर पडतो यात आहे. संस्कृत काव्यशास्त्रज्ञ अभिनवगुप्ताने हास्याचं मूळ अनौचित्यात पाहिलं. कोणताही रस जिथे शोभू नये तिथे, शोभू नये तसा प्रकटला की त्याचा आभास होतो आणि त्या आभासातून हास्य उपजतं, मग तो आभास वीराचा असो की करुणाचा. हे सूत्र घेऊन 'मॅश' पाहिली तर तिची नैतिक रचना स्वच्छ दिसते. तिथे वीररसाचा आभास ठायी ठायी आहे. नकाशावर बोट ठेवून दोनशे पोरांना टेकडीवर धाडणारा कर्नल, पदकासाठी हपापलेला मेजर, जखमींच्या रक्तापेक्षा फॉर्मच्या तीन प्रतींची काळजी करणारं मुख्यालय. हॉकआयचा विनोद या अनौचित्याला झोंबतो. जखमेला तो शिवत नाही. मालिकेच्या निर्मात्यांनी हा भेद तंत्रातही पाळला. वाहिनीच्या आग्रहाखातर मालिकेला ध्वनिमुद्रित हशा जोडावा लागला, पण लॅरी गेलबार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अट घातली: ऑपरेशन थिएटरच्या प्रसंगांत तो हशा वाजणार नाही. म्हणजे टेबलापाशी डॉक्टर थट्टा करतात, पण प्रेक्षकाला तिथे आयतं हसू मिळत नाही. हसायचं असेल तर त्याने स्वतःच्या जबाबदारीवर हसावं. ब्रिटनमध्ये बीबीसीने तर हशा पूर्ण काढून टाकूनच मालिका दाखवली. तसं पाहिल्यावर विनोद कमी विनोदी वाटत नाही, फक्त त्यामागचा थकवा जास्त ऐकू येतो. या निकषावर मालिकेत जे उणं आहे तेही सांगायला हवं. सुरुवातीच्या वर्षांत हॉकआयची थट्टा नर्सेसच्या अंगचटीला जाते. त्या बाया त्याच्याइतक्याच थकलेल्या, त्याच्याच टेबलाशी उभ्या, आणि पायरीने त्याच्या खाली. तिथे अनौचित्य थट्टेच्या निशाण्यावर नाही, थट्टेतच आहे. वरच्यावर मारलेला टोमणा आणि हाताखालच्यावर मारलेला टोमणा यांचं पाप-पुण्य एका मापाने मोजता येत नाही, हे हॉकआयच्या बाबतीतही खरं.

पण विनोद योग्य माणसाला लागला एवढ्याने तो धार्मिक होत नाही. औचित्य ही फार तर सभ्यता झाली. पुढचं पाऊल टाकण्यासाठी मालिकेतला एक छोटा संवाद उपयोगी पडतो. युद्ध म्हणजे नरक, ही नेहमीची उपमा कोणीतरी वापरतो. हॉकआय ती मान्य करत नाही आणि छावणीतल्या कॅथलिक फादर मुल्केहींनाच विचारतो की नरकात कोण जातं. पापी, असं फादर सांगतात. मग नरकात निरपराध कोणी नाही, आणि युद्धात तर बहुतेक तेच, असा हॉकआयचा मुद्दा. हे ऐकायला चटपटीत आहे, पण आत गंभीर धर्मविचार आहे. नरकाची कल्पना कितीही भयंकर असली तरी तिच्यात न्याय आहे, प्रत्येकाला आपापल्या कर्माचं फळ आहे. आपल्याकडचा कर्मविपाकही हाच धीर देतो. दुःख आहे, पण ते हिशेबातलं आहे. युद्धातल्या जखमेला असा हिशेब लागू करता येत नाही, असं हॉकआय म्हणतो, आणि ते एका फादरसमोर म्हणतो. बायबलमधल्या ईयोबाच्या कथेत तीन मित्र त्याला भेटायला येतात. सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात, आणि तेवढंच त्यांचं खरं पुण्य. आठव्या दिवसापासून ते त्याच्या दुःखाचं कारण सांगू लागतात: तू पाप केलं असशील, देव न्यायी आहे, यातून तुझं भलंच होईल. ग्रंथाच्या शेवटी देवाचा कोप होतो तो ओरडणाऱ्या, वाद घालणाऱ्या ईयोबावर नाही, या तिघा समर्थकांवर. देवाची वकिली करणारे चुकले आणि देवाशी भांडणारा बरोबर ठरला, हे त्या ग्रंथाचं धाडस आहे. टेबलावर झोपलेल्या पोराला त्याचं प्रारब्ध समजावणारा सर्जन त्या तीन मित्रांच्या पंगतीला बसतो. शिवाय प्रारब्ध मनापासून मानलं तर हातातली सुरी खाली ठेवावी लागेल, ती वेगळीच गोष्ट. हॉकआय स्पष्टीकरण देत नाही. त्याच्या दोन हातांना काम आहे, आणि तोंड रिकामं राहिलं तर त्यातून समर्थन बाहेर पडेल म्हणून तो तिथे थट्टा भरतो.

यावर गीतेच्या बाजूने एक भक्कम आक्षेप घेता येईल. रणभूमीवरचं सर्वांत प्रसिद्ध हसू हॉकआयचं नाही, श्रीकृष्णाचं आहे. दोन्ही सैन्यांच्या मधोमध खचून बसलेल्या अर्जुनाला उत्तर द्यायला तोंड उघडतो तेव्हा कृष्ण हसल्यासारखा होऊन बोलतो, असं दुसऱ्या अध्यायात संजय सांगतो. ज्ञानेश्वरांनी या जागी कृष्णाला वैद्याच्या रूपात पाहिलं. रोग असाध्य आहे असं दिसल्यावर वैद्य जसा दिव्य औषधाचा विचार करतो तसा तो विचार करतो, आणि मग जे बोलतो ते वरून कठोर, आतून मायेचं, कडू औषधात अमृत दडलेलं असावं तसं. म्हणजे युद्धाच्या मैदानावर हसणारा वैद्य ही प्रतिमा मराठीत सातशे वर्षं आहेच. पण ते हसू अर्जुनाला उठवून लढायला लावणारं आहे, त्यापुढे अठरा अध्यायांचा अर्थ उभा आहे. हॉकआयचं हसू अर्थ नाकारणारं. मग एक धार्मिक ठरवलं तर दुसरं अधार्मिकच ठरायला हवं ना? मला तसं वाटत नाही, कारण महाभारतात कृष्ण आणखी एकदा तसाच हसतो. स्त्रीपर्वात, लढाई संपल्यावर, गांधारी मेलेल्या मुलांमधून फिरते आणि कृष्णाला म्हणते की तुला हे थांबवता आलं असतं, तू थांबवलं नाहीस. ती त्याला कुलक्षयाचा शाप देते. कृष्ण तेव्हाही किंचित हसल्यासारखा होतो आणि शाप मान्य करतो. पुढे तो तिलाही तिचा दोष सुनावतो, हे खरं आहे, आणि ते वाचताना आजही त्रास होतो. पण शाप ऐकण्याच्या त्या क्षणी तो तिला आत्म्याचं अमरत्व शिकवत नाही. जे अर्जुनाला पहिला बाण सुटण्यापूर्वी सांगितलं ते पोरांच्या प्रेतांपाशी गांधारीला सांगता येत नाही, हे व्यासांना कळलेलं होतं. गीता लढाईच्या अलीकडे उभी आहे, स्त्रीपर्व पलीकडे. सर्जनची छावणी नेहमी पलीकडच्या बाजूलाच असते, मग लढाई न्यायाची असो वा अन्यायाची. गीतेचं तत्त्वज्ञान खोटं आहे असं म्हणण्याची गरज नाही, ते त्या तंबूत उच्चारण्याची वेळ टळून गेलेली आहे एवढंच.

याहून अवघड आक्षेप सोलापूरहून येतो. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म तिथलाच, १० ऑक्टोबर १९१० चा. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते होते. पथकाचे प्रमुख डॉ. अटल, नागपूरचे वयाने ज्येष्ठ असे डॉ. चोळकर, शिवाय बसू आणि मुखर्जी. बाकीचे एकेक करून परतले, कोटणीस राहिले. आठव्या मार्ग सेनेबरोबर डोंगराळ मुलखात त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, चिनी भाषा शिकले, कॅनेडियन सर्जन नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या इस्पितळाचे १९४१ मध्ये प्रमुख झाले, तिथल्याच को छिंगलान या परिचर्या शिकवणाऱ्या स्त्रीशी त्यांनी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. आता कोणी म्हणेल की युद्धाला अर्थ नाकारणं ही हॉकआयला परवडणारी चैन होती. त्याचं गाव मेन राज्यात समुद्राकाठी सुखरूप होतं, युद्ध परक्या देशात होतं आणि त्याला ओढून नेलेलं होतं. कोटणीस स्वेच्छेने गेले. ज्या बाजूला गेले तिच्यावर आक्रमण झालेलं होतं. अशा ठिकाणी हसत हसत सगळ्याच युद्धाला वेडेपणा म्हणणं हा दुबळ्यांचा अपमान आहे. हा आक्षेप मी हलका मानत नाही. आक्रमक आणि आक्रमित यांना एकाच टोमण्याने झोडपणारा विनोद आळशी असतो, आणि 'मॅश' कधी कधी तशी आळशी होते. कोरियन माणसं तिच्यात बहुतेकदा पार्श्वभूमीला असतात, हे तर तिच्या चाहत्यालाही कबूल करावं लागेल.

तरीही कोटणीसांची कथा मला हॉकआयच्या विरुद्ध साक्ष देताना दिसत नाही, आणि त्याचं कारण त्यांच्या मृत्यूत आहे. ते गोळीने मेले नाहीत, बॉम्बने नाही. अपस्माराच्या झटक्यांनी गेले. आघाडीवरच्या कष्टांनी शरीर पोखरलं होतं हे खरं, पण अपस्माराला बाजू नसते, ध्येय नसतं. पाठीमागे अवघ्या काही महिन्यांचा मुलगा राहिला, भारत आणि चीन ही दोन्ही नावं ज्याच्या नावात गुंफली होती तो यिनहुआ. तोही पुढे वैद्यकीचं शिक्षण घेताना ऐन तारुण्यात गेला. या घटनांत कोणता अर्थ आहे? १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' काढला, ख्वाजा अहमद अब्बास यांच्या लेखनावरून. स्वतः शांताराम कोटणीस झाले, जयश्री चिनी पत्नी झाली. त्या चित्रपटाने डॉक्टरच्या आयुष्याच्या मध्यभागी महामारीवरचा विजय आणून ठेवला, आणि नावातच त्याला अमर करून टाकलं. देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असताना असा चित्रपट निघणं समजू शकतं, आणि त्याची कळकळ खोटी नाही. पण रोज येणाऱ्या चिंधड्या झालेल्या शरीरांना टाके घालणारा, थकणारा, झटके येणारा बत्तीस वर्षांचा माणूस त्या अमरत्वाखाली कुठेतरी दबला. चीनच्या लढ्याला अर्थ होता, तो कोटणीसांनी निवडला होता. त्यांच्या अपस्माराला अर्थ नव्हता. लढ्याचा अर्थ शरीराच्या दुःखावर पसरवून टाकला की दोन्ही एकच वाटू लागतात, आणि मग पुढच्या लढ्यासाठी पुढची शरीरं मागणं सोपं जातं. न्यायाच्या युद्धातही जखम ही जखमच असते, एवढं लक्षात आणून देणारा कोणीतरी त्या तंबूत हवा. तो भाषणाने ते करू शकणार नाही, कारण भाषण हे अर्थ देण्याचंच साधन आहे. थट्टेने करू शकेल. मराठी चित्रकर्मींनी युद्धभूमीवरचा डॉक्टर रंगवला तेव्हा त्याला हसवण्यापेक्षा अमर करणं पसंत केलं, याकडे आपल्या धार्मिक स्वभावाचा एक पुरावा म्हणून पाहायला हरकत नाही.

शेवटचा मोठा आक्षेप व्यवहारी आहे. विनोद म्हणजे वाफ सोडण्याची झडप. हॉकआय हसतो म्हणून टिकतो, टिकतो म्हणून पोरं दुरुस्त करतो, आणि दुरुस्त झालेली पोरं पुन्हा आघाडीवर जातात. मग युद्धयंत्राच्या दृष्टीने तो टवाळ नाही, वंगण आहे. सैन्यही त्याचा वात्रटपणा खपवून घेतं ते याचसाठी. यातलं बरंचसं खरं आहे. लष्करी वैद्यकीचा हा पेच हॉकआयच्या आधीपासूनचा आहे आणि विनोद करणाऱ्याइतकाच तो गंभीर डॉक्टरलाही लागू आहे. कोरियात लढाऊ तुकड्या न पाठवता भारताने ६० पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स पाठवली, लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली. युद्धविरामानंतर मायदेशी परतायला तयार नसलेल्या सुमारे २३ हजार कैद्यांची राखण करायला जे भारतीय दल गेलं त्याचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात. मारणार नाही, पण सांभाळू, ही भूमिका काही पूर्ण निष्कलंक नाही. ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या ब्रिगेडबरोबर राहून जखमींना टाके घालणं म्हणजे एका बाजूला मदत करणंच होतं. पण युद्धाच्या आत शिरून युद्धाच्या बाहेर राहण्याचा याहून स्वच्छ मार्ग कोणाला सापडलेला नाही. हॉकआयने एकदा तो शोधायचा प्रयत्न केला, आणि मालिकेतला तो भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. १९७९ च्या त्या भागात पोरांना निष्कारण मरायला धाडणाऱ्या एका कर्नलला आघाडीवरून हटवण्यासाठी हॉकआय त्याचं निरोगी अ‍ॅपेंडिक्स काढून टाकतो. त्याचा सहकारी बी. जे. हनिकट कडाडून विरोध करतो: निरोगी शरीरावर सुरी चालवायची नाही, कारण काहीही असो. मूळ संहितेत दोघेही या बेतात सामील होते. हनिकटचं काम करणाऱ्या माइक फॅरल यांनी आपलं पात्र असं करणार नाही म्हणून हट्ट धरला आणि त्यांचं भांडणच कथेत आलं. शस्त्रक्रिया होते, आणि लगेच जखमींची नवी खेप येऊन धडकते. काही जणांना वाचवण्यासाठी एकाच्या शरीरावर अधिकार गाजवायचा, ही तर कर्नलचीच भाषा. या भागात हॉकआय थट्टा करत होता तोवर त्याच्या हातून पाप घडलं नव्हतं. तो गंभीर झाला, त्याच्याकडे एक ध्येय आलं, हिशेब आला, आणि त्याने नको तिथे सुरी चालवली. विनोद वंगण असेलही. पण त्याच्याऐवजी आणलेलं गांभीर्य काय करतं याचा जबाब या भागात आहे. लेखकांनी दान आपल्या बाजूने टाकलं, असं कोणी म्हणालं तर नाकारणार नाही. कथा रचलेलीच असते, पण तिच्यातला तर्क तपासता येतो.

या विनोदाची मर्यादा मालिकेने स्वतःच शेवटच्या अडीच तासांत दाखवली. २८ फेब्रुवारी १९८३ च्या त्या भागाला एकट्या अमेरिकेत दहा कोटींहून अधिक प्रेक्षक होते. हॉकआय मनोरुग्णालयात आहे आणि सिडनी फ्रीडमन हे मानसोपचारतज्ज्ञ त्याच्याकडून एक आठवण खणून काढताहेत. शत्रूच्या गस्तीच्या भीतीने दिवे मालवून थांबलेली बस, सगळे श्वास रोखून, आणि एका कोरियन बाईच्या मांडीवरची कोंबडी आवाज करत असते. हॉकआय तिच्यावर खेकसतो की तिला गप्प कर, आणि ती कोंबडी कायमची गप्प करते. कोंबडी ही आठवण त्याच्याच मनाने केलेली थट्टा होती, ते मूल होतं. इतर कोणाच्या युद्धाला अर्थ नाकारणारा विनोद इथे स्वतःचा दोष झाकायला वापरला गेला आणि तिथेच तो मोडला. आपल्या हातून घडलेल्या गोष्टीपुढे माणसाला थट्टा पुरत नाही, तिथे कबुली लागते, आणि कबुलीला ऐकणारा लागतो. तो फादर मुल्केही असायला हवा होता, असं ख्रिस्ती वाचकाला वाटेल. पण त्याच भागात कैद्यांना वाचवायला धावलेल्या फादरांच्या जवळ गोळा फुटतो आणि त्यांचे कान जातात. म्हणून कबुली ऐकतो तो डॉक्टर. तो पापक्षमा देत नाही, तशी सत्ता त्याच्याकडे नाही. पण एक गोष्ट फ्रीडमनला सहज करता आली असती आणि तो ती करत नाही. एक मूल गेलं आणि त्याच्या बदल्यात बसमधली माणसं वाचली, हा हिशेब तिथे तयारच पडलेला होता. युद्धांनी, नवसांनी आणि स्मारकांनी शतकानुशतकं तोच मांडला आहे. कर्नललाही तोच मांडायचा होता, हॉकआयनेही एकदा एका अ‍ॅपेंडिक्सपायी मांडून पाहिला होता. फ्रीडमन तो त्याच्यापुढे ठेवत नाही, आणि हॉकआयही मागत नाही.